आठ विजयांच्या आधीची हार

भाजपच्या सुमित्राताई महाजनांचं नाव निघालं की इंदुरात एकच वाक्य ऐकू येतं: सलग आठ वेळा खासदार. खरं आहे, 1989 ते 2014. पण नुसता आठचा आकडा सांगितला की वाटतं, गाडी सरळ घाट चढून गेली. तशी ती गेलेली नाही.

माहेर चिपळूण, सासर इंदूर. 1982 साली त्या महापालिकेत आल्या आणि 1984-85 मध्ये उपमहापौर होत्या. तेव्हा महापौर नगरसेवकांमधूनच निवडला जाई. मध्य प्रदेशात महापौराला थेट जनतेनं निवडायची पद्धत पुढे 1999च्या सुमारास आली. (इंदुरात नगरसेवक कुणी म्हणत नाही, मराठी घरांतही पार्षदच.) पार्षदाकडे माणूस लोकसभेचा प्रश्न घेऊन येत नाही. ड्रेनेज चोक झालंय, नर्मदेचं पाणी वरच्या मजल्यावर चढत नाही, खांबावरचा दिवा गेलाय, हेच. काम छोटं, पण झालं की नाही ते अख्ख्या गल्लीला दिसतं.

पुढची पायरी मात्र निसटली. 1985च्या विधानसभेला काँग्रेसच्या महेश जोशींनी त्यांना हरवलं. पुष्कळांचं राजकारण अशा ठिकाणी संपतं, कारण पुन्हा तिकीट मिळत नाही. ताईंना चार वर्षांनी थेट लोकसभेचं मिळालं, तेही प्रकाशचंद्र सेठींसमोर. सेठी म्हणजे माजी मुख्यमंत्री, माजी केंद्रीय गृहमंत्री. ताईंनी प्रचारात सुनेचं नातं लावलं: आता किल्ली सुनेच्या हाती द्या. मराठी मतांवर इथे निवडणूक निघत नाही, ती तेवढी नाहीतच. सून ही भाषा मात्र माळव्यातल्या कुठल्याही घरात कळते. लाखाहून जास्त मतांनी त्या जिंकल्या. 1999 साली समोर पुन्हा महेश जोशी होते. या वेळी हरले ते.

मला आठांपैकी 2009ची निवडणूक सगळ्यांत बोलकी वाटते. 2004 साली मतांची आघाडी दोन लाखांच्या आसपास होती. ती घसरून 11,480 वर आली. समोर काँग्रेसचे सत्यनारायण पटेल. या मतदारसंघात आठ विधानसभा क्षेत्रं आहेत: इंदूर एक ते पाच, राऊ, आणि ग्रामीण देपालपूर व सांवेर. शहराच्या मध्यातल्या राजवाड्यावरची हवा बघून गावाकडचा अंदाज बांधता येत नाही. पाच वर्षांनी तीच आघाडी 4,66,901 झाली, पण त्यात मोदी लाटेचा वाटा किती, हे वेगळं सांगायला नको.

मग लोकसभा अध्यक्षपद. मीराकुमारांनंतर त्या दुसऱ्या महिला अध्यक्ष. ऑगस्ट 2015 मध्ये काँग्रेसच्या 25 खासदारांना पाच दिवसांसाठी निलंबित केलं, त्यावर टीकाही भरपूर झाली.

2019 साली पक्ष इंदूरच्या उमेदवाराचं नाव जाहीर करेना. ताईंचं वय तेव्हा 75च्या पुढे. 5 एप्रिलला त्यांनीच पत्र काढलं: मी लढणार नाही, पक्षानं मोकळेपणानं निर्णय घ्यावा. तिकीट शंकर लालवानींना गेलं. तेही महापालिकेतूनच वर आलेले.