बॉयलरची अंडी उबवायचा नाद

आमच्या गावात ब्रॉयलर कुणी म्हणत नाही, बॉयलरच. मागच्या जानेवारीत गोठ्याच्या रिकाम्या कोपऱ्यात मी 50 पिल्लं सोडली. खाली दोन इंच भाताचं तूस, वर कागद, भोवती पत्र्याचं कडं, मध्ये 200 वॅटचा बल्ब. पहिल्या दिवशी गूळपाणी. पिल्लं एकमेकांवर चढली की थंडी वाजतेय समजायचं, कडेला पळाली की बल्ब वर घ्यायचा. सातव्या दिवशी मानमोडीची लस, डोळ्यात एकेक थेंब. चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची, पाण्यातून. तीन मेली. बाकीची 42 दिवसांत दोन किलोच्या वर भरली नि बहुतेक यात्रेला खपली.

तिथंच थांबायचं होतं. पण दर खेपेला पिल्लांचे पैसे का मोजा, म्हणून तीन माद्या आणि एक नर मागे ठेवला.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, खाण्यातनं सवड मिळाली तर अंडी घालतील ना!"

एप्रिलअखेर नर पाच किलोचा झाला. पाय फाकवून बसूनच खायचा. एका दुपारी उन्हात धापा टाकत गेला, पाठोपाठ एक मादी. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पोटभर घालताय तेच चुकतंय. हॅचरीवाले पिल्लांच्या आयांना खाद्य तोलून देतात, 20 आठवड्यांना जेमतेम सव्वादोन किलो वजन ठेवतात. म्हणजे लेकरू सहा आठवड्यांत गाठतं ते वजन आईला पाच महिन्यांनी!

मग मीही तोलून द्यायला लागले. त्या दोघी दिवसभर माझ्या पायात घोटाळायच्या, रिकामं भांडं टोचत राहायच्या. खरं सांगते, ते बघवायचं नाही.

जुलैत अंडी सुरू झाली. नर आता आमचा गावरानच. खुडूक कोंबडीखाली 11 अंडी ठेवली, 21 दिवसांनी सात फुटली. बहुतेक पांढरी, कुठं एखादा काळा ठिपका. सहा आठवड्यांनी सगळ्यात जड पिल्लू किलोभर, हलकं 600 ग्रॅम. बाप गावरान, त्यात विकतचं बॉयलर पिल्लू मुळात तीन-चार वेगळ्या वाणांचा संकर. पुढच्या पिढीत ते गुण पांगतात. माहीत असतं तर खाद्य तरी वाचलं असतं.

यंदा पुन्हा 50 पिल्लं सांगून ठेवलीत. त्या सातांतला एक कोंबडा सासूबाईंनी कापू दिला नाही. तो संध्याकाळी पेरूवर जाऊन बसतो. त्याची आई बुंध्याशी उभी राहते. तिला पहिली फांदीसुद्धा गाठता येत नाही.