दुसरा घाणा काळा का?

आईला संधिवात आहे. सकाळी तिची बोटं वळत नाहीत. तव्यावर पाव भाजताना उलथनं हातातून सुटायचं, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी टोस्टर आणला. मी मोटार रिवाइंडिंगचं काम करतो. तारेची, कॉइलची आयुष्यभराची सवय, तरी या डब्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. आईनेच पाहायला लावलं.

"अरे, पहिला घाणा चांगला निघतो, मग दुसरा काळा का? मी बटण तर हलवलंसुद्धा नाही."

प्रश्न अगदी बरोबर होता. रविवारी टोस्टर उघडला. आत अभ्रकाच्या पातळ पत्र्यांवर नायक्रोमची, म्हणजे विजेने लाल तापणाऱ्या मिश्रधातूची, चपटी पट्टी गुंडाळलेली, खाली चुऱ्याचा ट्रे, बाजूला छोटा विद्युतचुंबक. खटका दाबला की हा चुंबक त्याला धरून ठेवतो, म्हणूनच वीज नसेल तर खटका खाली टिकत नाही. चुंबकाचा प्रवाह कधी तोडायचा हे सर्किटमधला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, ठरवतो. तो भरायला जितका वेळ लागेल तितका वेळ पाव आत. आपण फिरवतो ते बटण फक्त हा वेळ कमी-जास्त करतं. पावाचं काय चाललंय हे कोणी बघतच नाही!

पहिल्या वेळी टोस्टर गार असतो, दुसऱ्या वेळी आतला पत्रा आधीच तापलेला. वेळ तेवढाच, उष्णता जास्त. शिवाय पावात ओल असेपर्यंत त्याचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या आसपास अडकून राहतो. तांबूस रंग येतो तो ओल उडून गेल्यावर. आमच्या बेकरीचा सकाळचा ताजा ब्रेड आणि फ्रिजमधला दोन दिवसांचा ब्रेड यांना एकच वेळ कशी पुरेल?

पावाकडेच बघून वेळ ठरवावा, हे कोणाला सुचलं नव्हतं असं मुळीच नाही. अमेरिकेत सनबीम कंपनीने १९४९ मध्ये एक टोस्टर काढला होता. त्याला खटकाच नव्हता. पाव ठेवला की त्याच्या वजनाने स्विच लागायचा, तापलेली तार लांबायची आणि त्या लांबण्यानेच पाव हळूहळू आत उतरायचा. पावाच्या जवळ दोन धातूंची एक पट्टी असायची. भाजलेल्या पावातून येणाऱ्या उष्णतेने ती वाकली की प्रवाह बंद. तार आखडायची, पाव आवाज न करता वर. मोटार नाही, चिप नाही. हे वाचल्यापासून मला चैन नाही. आईच्या बोटांसाठी याहून चांगलं काय असणार?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. लहान स्लाइस वर आली तरी आतच राहते. आई ती सुरीने काढताना मी पाहिलं आणि ओरडलोच. आमचं घर जुनं आहे. कितीतरी सॉकेटमध्ये फेज (झटका देणारी जिवंत तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) उलटे जोडलेले सापडतात. टोस्टर एकच तार तोडणारा असेल, तर पाव वर आल्यावरही नायक्रोमच्या पट्टीत वीज राहू शकते. म्हणून दोन्ही तारा तोडणारा स्विच प्रत्येक टोस्टरमध्ये हवा. आणि खटका वर ओढून पाव आणखी बोटभर उचलता यायला हवा. काही टोस्टरमध्ये ही सोय असते. आमच्यात नाही, आणि घेताना मी ते पाहिलं नाही याचं फार वाईट वाटतं.

सध्या खटक्याच्या टोकावर सागवानाचा रुंद तुकडा बसवलाय. आई आता बोटांऐवजी तळव्याने दाबते. लाकडी चिमटा टोस्टरशेजारीच टांगलाय, पण त्याआधी प्लग काढायचा, हे तिने मला तीनदा म्हणून दाखवलं. दुसऱ्या घाण्याला बटण एक आकडा मागे.

काल दोन्ही घाणे एका रंगाचे निघाले. तिने मला बोलावून शेजारी शेजारी ठेवून दाखवले.