पाण्याने फसवलं: 'आमा' हे वाचन मागे

मागच्या नोंदीत नावात्ल या अझ्टेकांच्या भाषेच्या चित्रलिपीतल्या हात आणि पाणी या चिन्हांच्या जोडीचं वाचन 'आमा' दिलं होतं. आत्ल म्हणजे पाणी, त्यातून 'आ'. माइत्ल म्हणजे हात, त्यातून 'मा'. मिळून आमात्ल, कागद. दिसायला देखणं, पण बहुधा चूक.

घोळ हात कुठे कापलाय यात आहे. मनगटाशी संपणारा पंजा असेल तर 'मा'. कोपरात वाकलेला, खांद्यापर्यंत काढलेला असेल तर आधी 'आकोल्ली' (खांदा) तपासायचं. मग वरचं पाणी स्वतंत्र शब्द उरत नाही. 'आ'ने सुरू होणारा शब्द वाचा, 'मा' नको, एवढंच ते सांगतं. मेंदोसा कोडेक्स या सोळाव्या शतकातल्या मेक्सिकोच्या चित्रग्रंथातल्या आकोल्वाकानच्या स्थाननामात हीच युक्ती आहे. म्हणजे पाणी बोटांकडे आहे की खांद्याकडे, हे पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पाण्याची तीन कामं वेगळी ठेवा. आशायाकात्ल या अझ्टेक राजाच्या नावात पाणी आणि चेहरा: इथे पाणी म्हणजे पाणीच. इत्सकोआत्ल (हाही राजाच; कोआत्ल म्हणजे साप) हे नाव दोन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. मेंदोसात साप आणि त्याच्या अंगावर ऑब्सिडियनची (ज्वालामुखी काचेची) पाती; फ्रेंच अभ्यासक ओबँनी प्रसिद्ध केलेल्या रूपात पातं (इत्स), मडकं (कोमित्लमधलं 'को') आणि पाणी ('आ'). साप गायब, निव्वळ उच्चार! हे जुळताना अजूनही मजा येते. तिसरं काम वर सांगितलेलं, नुसत्या इशाऱ्याचं.

वेशोत्सिन्कोच्या 1560 च्या मात्रिकुलात (लोकांच्या नावांच्या नोंदवहीत) चिन्हाशेजारी रोमन लिपीतली टीप असते, आणि तिथेच घाई होते. टीप आधी झाका. चिन्हं वेगळी मांडा, प्रत्येकाचं 'त्ल', 'त्ली', 'ली' हे शेपूट काढा, उरलेली मुळं जोडा. मग टीप उघडा. न जुळल्यास लगेच चिन्हाला दोष देऊ नका. टीप लिहिणारे अक्षराच्या शेवटचा 'न' सर्रास गाळतात, म्हणून झेंड्याचा 'पान' टिपेत 'पा' दिसला तरी चालतं. ऱ्हस्व-दीर्घही चित्रात कळत नाही: गरुड (दीर्घ आ) आणि झाड (ऱ्हस्व अ), दोन्हींचं मूळ 'क्वाउ'. दिन आणि दीन एकाच चित्राने लिहावेत, तसं.

कोशांचं म्हणाल, तर 1571 चा मोलिनाचा नावात्ल-स्पॅनिश कोश अर्थासाठी उत्तम, पण स्वरांची लांबी देत नाही. त्यासाठी फ्रान्सेस कार्टुनेनचा कोश हवाच. चिन्हांच्या तुलनेला ओरेगॉन विद्यापीठाचा चित्रकोश सगळ्यात सोयीचा, मात्र तिथलं वाचन हा एक तर्क धरा, निकाल नाही.

पुढची नोंद बाप्तिस्म्याच्या नावांवर ठरली होती. स्पॅनिश नावांमधला 'र' नावात्ल भाषेत 'ल' होतो वगैरे. ते थांबेल. आधी सगळे हात एका तक्त्यात: काप कुठे, पाणी कुठे, टिपेत 'मा' की 'आकोल'. आणि हे लिहितानाच सुचलं, चौथा रकाना हवा: हातात काही धरलंय का. धरलं असेल, तर 'मा' हे पकडणं या क्रियापदाचंही असू शकतं, मग जुने निम्मे पंजे पुन्हा उघडावे लागतील.