अक्षराची चौकट

नववीत वृत्तं शिकवताना आमच्या मराठीच्या बाई आधी फळ्यावर चौकटी आखायच्या. एका चौकटीत एकच अक्षर. 'विद्यार्थी'त अक्षरं किती, असं विचारलं की कुणी चार म्हणे, कुणी पाच. बाई तीन चौकटी भरायच्या: वि, द्या, र्थी. काना, वेलांटी, रफार, सगळं ज्याच्या त्याच्या चौकटीत. बाहेर काही लोंबलेलं त्यांना चालत नसे. तास संपत आला की उलटसुलट सारखंच वाचता येणारं एखादं वाक्य कोपऱ्यात लिहून जायच्या. 'टेप आणा आपटे' त्या कोपऱ्यातलंच.

२०१९ साली दहावी झाली आणि २०२१ मध्ये पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलाचे पहिले दोन महिने कसे जातात, हे आपल्या शाळेच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. पहिल्या वर्षी पीपीएस (प्रोग्रॅमिंग अँड प्रॉब्लेम सॉल्व्हिंग) हा विषय पायथॉन या संगणकाच्या भाषेत होता. एका प्रॅक्टिकलला पॅलिंड्रोम ओळखायचा प्रोग्रॅम आला. शब्द नवा, उलटसुलट सारखंच वाचता येण्याची गोष्ट मात्र ओळखीची! बाकीच्यांनी 'लेव्हल', 'मॅडम' असे इंग्रजी शब्द तपासले. मी 'टेप आणा आपटे' टाकलं. उत्तर आलं, नाही.

मन मानेना. उलटी केलेली ओळ छापून पाहिली, तर शेवटच्या 'टे'ची मात्रा सुटून ओळीच्या सुरुवातीला, तुटक रेषांच्या वर्तुळावर एकटीच बसलेली. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक ज्या क्रमांकांनी लिपीतली चिन्हं ओळखतो त्या यादीत, काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण, प्रत्येकाला वेगळा क्रमांक असतो. म्हणून पायथॉन 'विद्यार्थी'ची लांबी १० सांगतो. पुढे सी++ ही दुसरी भाषा शिकताना तोच शब्द यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत ३० बाइटचा निघाला. बाईंच्या फळ्यावर तो तीन अक्षरांचा होता.

प्रॅक्टिकलच्या त्या रात्री होस्टेलवर वहीत चौकटी आखल्या. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आला तर तो आधीच्याच चौकटीत घालायचा. आधीच्या अक्षराचा पाय मोडलेला असेल तर पुढचं व्यंजनही तिथेच. मग उलट्या करायच्या त्या चौकटी, सुटी चिन्हं नव्हेत. उत्तर आलं, होय. नंतर यापेक्षा मोठे प्रोजेक्ट केले, डेटाबेस झाला, वेबसाइट झाली. पण हे आपल्याला जमेल असं पहिल्यांदा वाटलं ते त्या रात्री.

दुसऱ्या वर्षापासून दर रविवारी कॉलेजजवळच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत सहावी-सातवीच्या मुलांना शिकवायला जाऊ लागलो. मुलं २० आणि लॅपटॉप एक, त्यामुळे बरंचसं शिकवणं लॅपटॉपशिवायच. सॉर्टिंगसाठी, म्हणजे क्रमाने लावणं शिकवायला, मुलांना रांगेत उभं केलं: मागच्या शेजाऱ्याशी उंची ताडायची, उंच असाल तर जागा बदलायची, आणि रांग जुळेपर्यंत हेच पुन्हा. प्रार्थनेच्या रांगा लावताना आपले पीटीचे सर हेच करायचे, हे मला तेव्हा उमगलं. २० मुलांत जास्तीत जास्त १९० वेळा ताडावं लागतं. मुलांनी ते खडूच्या रेघा मारून मोजलं.

एका रविवारी चौकटींचा प्रोग्रॅम दाखवला. 'रामाला भाला मारा' पास झालं, टाळ्या पडल्या. मग एकाने 'चिमा काय कामाची' सांगितलं आणि लॅपटॉप म्हणाला, नाही. मुलं खट्टू झाली. सातवीतली एक मुलगी फळ्यापाशी गेली, सात चौकटी भरल्या आणि पहिल्या-शेवटच्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाली, "दादा, ही ऱ्हस्व आहे, ती दीर्घ. खेळात दोन्ही वेलांट्या सारख्याच धर असं त्याला सांगा ना." मी तिलाच कीबोर्डवर बसवलं. तुलना करण्याआधी प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करायची, अशी एक ओळ मी सांगत गेलो आणि ती एका बोटाने टाइप करत गेली. पुढच्या रविवारी तिने उकारांसाठीही तशीच ओळ स्वतःहून लिहून आणली.

सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन येणार आहे. आताच्या नववीच्या मुलांनी नवी वाक्यं जुळवून आणावीत. आणि बाई, तुम्ही येणार असाल तर फळ्यावरच्या चौकटी तुम्हीच आखा.