तुम्ही विचारलंत म्हणून: टर्बो का नाही घेतलं?

नवी गाडी घेताना जास्त ओढणारं टर्बो इंजिन सोडून साधं घेतलं, ते पैसे कमी पडले म्हणून नाही. हे आधीच सांगते, कारण विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांनी उत्तर मनात ठरवूनच प्रश्न विचारलेला असतो. स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, गल्लीतल्या किराणा दुकानात एकच प्रश्न: "मॅडम, एवढ्या गाड्या चालवून बघितल्या आणि शेवटी साधं 1.2 पेट्रोलच घेतलं होय? टर्बो का नाही घेतलं?" मी काही बोलायच्या आत माझ्या वतीनं कुणीतरी उत्तरही देऊन टाकतं. त्यांना कशाला पिकअप लागतोय, शाळेत जायचं आणि यायचं. या उत्तराचा मला प्रश्नापेक्षा जास्त राग येतो.

जायचं आणि यायचं म्हणजे सोलापूरहून बार्शी रस्त्यानं, वडाळा गावाच्या पुढं. रोजचे साठेक किलोमीटर. तो रस्ता ज्यांनी नोव्हेंबर ते मार्च या काळात संध्याकाळी चालवलेला नाही, त्यांनी मला पिकअपबद्दल काही सांगू नये.

पैशांचं सांगते. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला. पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत असलं की झालं. त्यात 1.2 लीटरचं साधं इंजिन बसतं आणि 1 लीटरचं टर्बोही बसतं. दोन्ही आमच्या आवाक्यात आली. दोन्हींत लाखभराचा फरक होता, आणि तो द्यायला आम्ही तयार होतो. दिवाळीत मी वहीत जी यादी केली तिच्यात टर्बो पहिल्या नंबरला होतं. पुण्याच्या भाच्यानं फोनवर आकडे सांगितले होते: साध्या 1.2 लीटरचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढायची ताकद, 110 ते 115 न्यूटन मीटरच्या घरात, 1 लीटर टर्बोचा दीडशे ते पावणेदोनशे. "मावशी, यात विचार करण्यासारखं काय आहे?" मलाही तेव्हा काही दिसलं नव्हतं.

डिझेलबद्दल विचारणारे वयानं मोठे असतात, त्यांना मी मनापासून उत्तर देते, कारण त्यांचा मुद्दा खरा आहे. मारुतीनं 2020 च्या एप्रिलमध्ये, धुराचे बीएस-6 नियम लागू झाले तेव्हा डिझेल सोडलं. त्यानंतर छोट्या गाड्यांत डिझेल कमीच होत गेलं, तरी मिळतं. माझ्या रनिंगला हिशेब डिझेलच्याच बाजूनं पडतो. वर्षाला चौदा हजार किलोमीटर धरा. पेट्रोल लीटरला 17 चा ॲव्हरेज देईल, डिझेल 22 चा. आपल्याकडं लीटरमागं तेरा-चौदा रुपयांचा फरक आहे. वर्षाला पंचवीस-अठ्ठावीस हजार वाचतात, म्हणजे डिझेलसाठी दिलेले जास्तीचे पैसे चार-पाच वर्षांत फिटतात. पण मी चार वर्षांनी रिटायर होणार. गाडीचे पैसे फिटायला आणि माझं रोजचं रनिंग संपायला एकच गाठ. पुढं गाडी सात रस्ता, नवी पेठ, फार तर होटगी रोड एवढीच फिरणार. बीएस-6 डिझेलच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यातली काजळी जळून तो साफ व्हायला गाडी बराच वेळ सलग, वेगात पळावी लागते. दोन किलोमीटर जाऊन भाजी आणणाऱ्या गाडीत तो तुंबतो, दिवा लागतो आणि वर्कशॉपची वारी सुरू होते. म्हणून डिझेल नाही. सीएनजी नाही, कारण त्यात तेच 1.2 इंजिन आणखी मऊ पडतं, आणि पंपावरची रांग शाळेच्या वेळेला परवडत नाही.

आता टर्बो.

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. विजापूर रोडला सैफुलपासून सोरेगावकडं सरळ जायचं, यू टर्न मारायचा, परत यायचं. गाणी लावलेली असतात. पेट्रोलचा दिवा पेटलेला असतो, त्यामुळे लांब जाऊ या म्हणायची सोय नसते. त्या रस्त्यावर मला टर्बो फार आवडलं होतं. थर्डमध्ये पाय दाबला की पाठ सीटला टेकायची. पण मला सोरेगावला राहायचं नव्हतं. मी म्हणाले, माझ्या रस्त्यावर गाडी द्या, नाहीतर घेणार नाही. मॅनेजरनं आढेवेढे घेतले. शेवटी डिसेंबरमधल्या एका शनिवारी गाडी मिळाली. पेट्रोल मी स्वतः टाकलं. शेजारी शोरूमचा मुलगा, मागं आमचे हे.

बाळ्याहून बार्शी रस्त्याला लागलो तोवर चार वाजून गेले होते. ऊस कारखान्याकडं निघायची वेळ. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या दोन्ही बाजूंनी हात-हातभर बाहेर आलेला ऊस, मोठ्यानं लावलेली गाणी, त्यामुळे मागचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू जात नाही. मी अशाच एकाच्या मागं लागले. वेग वीस-पंचवीस, गाडी थर्डमध्ये. समोर रस्ता मोकळा दिसला. इंडिकेटर दिला, बाहेर निघाले आणि पाय दाबला.

काहीच झालं नाही.

हे नीट सांगते, कारण इथंच सगळे मला अडवतात. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूनं फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून एवढंसं इंजिन मोठ्या इंजिनासारखं ओढतं. पण पंखा फिरायला वायू पुरेसा पाहिजे, आणि तो इंजिन जोरात फिरत असल्याशिवाय येत नाही. थर्ड गिअरला पंचवीसच्या वेगात इंजिन मिनिटाला तेराशे फेऱ्यांच्या आसपास फिरत असतं. तिथं टर्बो जागं झालेलं नसतं. तेव्हा माझ्या पायाखाली दीडशे न्यूटन मीटर नव्हते, नुसतं 1 लीटरचं तीन सिलिंडरचं इंजिन होतं, म्हणजे साध्या 1.2 पेक्षाही कमी. आणि मी उजव्या बाजूला, पहिल्या ट्रॉलीच्या बरोबरीनं.

पाय तसाच दाबलेला. दोन सेकंद असतील, कदाचित तेवढीही नसतील. मग ताकद आली ती एकदम आली. गाडीनं उसळी घेतली, उसाचं पाचट डाव्या आरशावर घासत गेलं. तेवढ्यात समोरून मोटरसायकल आली. मगाशी ती दिसली नव्हती, रस्त्याचा तिथं थोडा उतार आहे. आता ब्रेक मारावा तर ट्रॉलीच्या शेजारीच अडकणार, म्हणून मी पुढंच घेतली. मोटरसायकलवाल्यानं गाडी साइडपट्टीवरून खाली मातीत उतरवली.

कुणाला काही झालं नाही. पुढं जाऊन मी गाडी थांबवली आणि चालत मागं गेले. हे म्हणत होते, बस आता, जाऊ दे. मी गेले. तो माणूस मोटरसायकल पायानं ढकलत वर काढत होता. पुढं टाकीवर स्वेटर घातलेली पाच-सहा वर्षांची मुलगी होती. ती रडत नव्हती, माझ्याकडं बघत होती. मी माफी मागितली. तो म्हणाला, "बाई, लेकरू हाय ओ गाडीवर." एवढंच. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. मुलीचा रुमाल सुटला होता, तो बांधून तो निघून गेला. मी रोज त्या वयाची मुलं शिकवते. आजवर ज्यांनी ज्यांनी टर्बो का नाही विचारलं, त्यांतल्या एकालाही मी हे सांगितलेलं नाही.

गाडीत परत बसले तेव्हा शोरूमचा मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, सेकंड टाकायला पाहिजे होतं. पंधराशेच्या वर ठेवलं की टर्बो लगेच उठतं." तो बरोबर सांगत होता. मुलगा चांगला होता, घाबरला होता, तरी त्यानं मला दोष दिला नाही, नुसतं यंत्र समजावलं. येताना मी तसंच केलं. दुसरा एक ट्रॅक्टर सेकंडमध्ये ओलांडला आणि गाडी अशी गेली की मागून ह्यांच्या तोंडून "वा" निघालं. हेही मी लपवत नाही. योग्य गिअरमध्ये असलेलं टर्बो त्या रस्त्यावर साध्या इंजिनापेक्षा जास्त सुरक्षित आहे, कारण ते चुकीच्या बाजूला कमी वेळ राहतं. भाचा नेमकं हेच म्हणतो, आणि माझ्याकडं त्याला खोडून काढणारं काही नाही.

मग तरीही का नाही?

पुढच्या आठवड्यात त्याच रस्त्यावर, साधारण त्याच वेळेला मी साधं 1.2 चालवलं. तसाच ट्रॅक्टर मिळाला, तसाच थर्ड गिअर. बाहेर निघाले, पाय दाबला. गाडीनं होतं तेवढं दिलं, आणि ते फार नव्हतं. पण ते त्याच क्षणी दिलं. पायाला कळलं की हे पुरणार नाही. मी लगेच आत आले, ट्रॅक्टरच्या मागं राहिले, सेकंड टाकला, पुन्हा रस्ता बघितला आणि मग गेले. आवाज खूप झाला, वेळ जास्त लागला. पण कुठल्याही क्षणी मी गाडीच्या उत्तराची वाट बघत उजव्या बाजूला लटकलेली नव्हते. मला ताकदीपेक्षा ते लगेच मिळणारं उत्तर हवं होतं. जुन्या वॅगन-आरनं ते मला 2011 पासून दिलं. माझ्या पायाला तीच सवय आहे.

"सवय महिन्याभरात बदलते," भाचा म्हणतो. बदलतही असेल. दिवाळीतली मी त्याच्याच बाजूची होते. ती म्हणाली असती, एका प्रसंगावरून दहा वर्षांची गाडी ठरवतेस? गिअर बदलायचा एक हात वाचवायला पन्नास न्यूटन मीटर सोडतेस? तिला मी काय सांगणार? इतकंच, की शाळेतून निघताना डोक्यात पेपर असतात, पोषण आहाराच्या नोंदी असतात, एखाद्या मुलाच्या घरचं काही असतं. रोजच्या रोज, प्रत्येक ट्रॅक्टरमागं इंजिन पंधराशेच्या वर आहे की खाली, याकडं माझं लक्ष राहीलच अशी खात्री मी देऊ शकत नाही. त्या संध्याकाळी तर मी पूर्ण सावध होते, टेस्ट ड्राइव्हच होती ती.

भाच्याचा याहून पक्का मुद्दा दुसराच आहे. टर्बोच घ्यायचं, पण ऑटोमॅटिक, म्हणजे गाडी स्वतःच खालचा गिअर टाकते. तसं मी चालवून बघितलेलं नाही. आम्ही विचारलं तेव्हा इथं डेमोला गाडी नव्हती, पुण्याला या म्हणाले. न चालवलेल्या गाडीबद्दल मी ना बरं बोलणार ना वाईट. आणि सगळी टर्बोही सारखी नसतात. दुसऱ्या एका शोरूममधलं टर्बो खालून बरंच लवकर ओढत होतं. त्या गाडीत ह्यांच्या गुडघ्यांना मागं जागा नव्हती, म्हणून ती गेली.

साध्या इंजिनानं मला पस्तावायला लावलं नाही असं समजू नका. संक्रांतीनंतर सासूबाई, नणंद, हे आणि मी तुळजापूरला गेलो. तुळजापूरच्या आधीच्या घाटात गाडी सेकंडवर आली आणि तिथंच राहिली. पुढच्या ट्रकला ओलांडायचा विचारही केला नाही. एसी बंद केला तेव्हा जरा हलली. जानेवारी होता म्हणून चाललं. मे महिन्यात, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत, सासूबाईंना घेऊन एसी बंद करता येणार नाही. हे तेव्हा काही बोलले नाहीत, पण "वा" म्हणालेला माणूस मागं बसलेला आहे हे मला ठाऊक होतं. आणि पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेजही थोडा मार खातो. ज्या उसामागं मी रोज अडकते त्याचाच काही भाग माझ्या टाकीत येतो. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून त्याबद्दल तक्रार करायला मला जड जातं, पण घाटात ते जाणवतं.

तेव्हा माझं उत्तर सगळ्यांना लागू आहे असं मी म्हणत नाही. पुणे-हैदराबाद हायवेनं रोज जाणाऱ्यानं टर्बो घ्यावं. बाजूच्या शाळेतल्या सरांनी घेतलंय, ते खूश आहेत आणि सुरक्षित चालवतात. मी फक्त एवढंच मागते, की "जायचं आणि यायचं" असं कुणी म्हणू नये.

भाच्यानं आता स्वतः टर्बो बुक केली आहे. मे महिन्याच्या सुट्टीत गाडी घेऊन सोलापूरला येतो म्हणतो, "तुझ्याच बार्शी रस्त्यावर चालव, मग बोल." मी त्याला सांगितलं, मे मध्ये आंबे खायला ये. गाडीसाठी यायचं असेल तर नोव्हेंबरात, गाळप सुरू झाल्यावर ये.