साडेतीनची कंबर

वसुबारस

शाळेला सुटी लागली की माझी कंबर बिघडते. एरवी फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत दिवसभर फेऱ्या चालू असतात, तेव्हा ती निमूट असते. सुटीत सहामाहीचे गठ्ठे घेऊन बसलं, दुपारी जरा आडवं झालं, की रात्री वसुली सुरू. आज सातवी ‘ब’चा भूगोल तपासत बसले आणि उठताना टेबल धरून उठावं लागलं. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून पाहिलंच. “अगं, पड की जरा. पेपर कुठं पळून चाललेत?”

“आई, पडलं की जास्त दुखतं मला.”

“हो गं, विसरलेच,” म्हणाल्या, आणि चकल्यांचा पहिला घाणा निघेपर्यंत पुन्हा तेच. त्यांना काय बोलणार? दुखलं की पडायचं, हेच सगळ्यांनी जन्मभर ऐकलंय. मीही.

माझ्या दुखण्याला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात, म्हणजे पाठीच्या कण्याचा एक संधिवात. हे नाव कळायलाच वर्षं गेली. मुलीच्या जन्मानंतर सुरू झालं म्हणून आधी ‘बाळंतपणानंतर व्हायचंच’, मग ‘कॅल्शियम कमी पडतंय’, मग ‘वजन उतरवा’, आणि सगळं सांगून संपल्यावर ‘तुम्ही टेन्शन फार घेता’. एक्स-रे स्वच्छ. बाईची कंबर दुखणं ही आपल्याकडे तक्रारच धरत नाहीत, त्यातून हा आजार पुरुषांचा असा जुना समज. शेवटी संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, “रात्री दुखण्यानं जाग येते का? आणि मग उठून चाललं की बरं वाटतं, की पडून राहिलं की?” तोवर कुठं दुखतं ते सगळ्यांनी विचारलं होतं. कधी दुखतं, हे त्यांनीच पहिल्यांदा.

एमआरआयमध्ये दिसलं. पाठीचा कणा खाली जिथे कटीच्या हाडांना जुळतो, त्या डावी-उजवीकडच्या दोन सांध्यांत दाह होता. एक्स-रेत तो उमटायला काही वेळा वर्षानुवर्षं लागतात, तोवर माणूस ‘नॉर्मल’ रिपोर्ट घेऊन फिरत राहतो. रक्तात एचएलए-बी२७ सापडला. या जनुकाचा आणि आजाराचा संबंध १९७३ मध्ये लक्षात आला, पण बी२७ असलेल्या बहुतेकांना आजार कधी होतही नाही. हे मला बाईंनी दोनदा सांगितलं, कारण माझा पुढचा प्रश्न मुलीबद्दल असणार हे त्यांना ठाऊक होतं.

धनत्रयोदशी

आज पहाटे साडेतीनला उठले. मी या दुखण्याला साडेतीनची कंबर म्हणते. झोपताना काही नसतं. पहिली झोप छान लागते. मग उत्तररात्री कुणीतरी कमरेत ओलं सिमेंट ओतून ते घट्ट व्हायची वाट बघतंय, तशी जाग येते. कूस बदलायची म्हणजे आधी गुडघे, मग खांदे, मग मधला भाग, असं एकेक हलवावं लागतं.

याच वेळेला का, तेही विचारून घेतलं होतं. कॉर्टिसॉल म्हणजे शरीराचं घरचं स्टेरॉइड. ते मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं आणि पहाटेकडे वाढू लागतं. दाह पेटता ठेवणारी रसायनं, इंटरल्युकिन-६ हे त्यातलं एक, ती उत्तररात्री जोर धरतात. वर माणूस तासन्‌तास एका जागी पडलेला. म्हणजे निजणं हाच या आजाराला खतपाणी घालण्याचा प्रकार, आणि निजल्याशिवाय भागत तर नाही.

पूर्वी मी जागी झाले की डोळे मिटून पडून राहायची. हललं तर उरलीसुरली झोप जाईल ही भीती. शिवाय तास भरून निघावेत म्हणून रात्री नऊलाच अंथरुणात शिरायची. पहाटे पंख्याकडे बघत ‘सहाला उठायचंय, अडीच तास राहिले, दोन राहिले’ असा हिशेब करायचा. या हिशेबानं किती झोप खाल्ली असेल, ते वेगळंच.

आता ठरलंय. जाग आली, दुखतंय, तर उठायचं. आधी कुशीवर, मग हाताच्या रेट्यानं बसायचं, एकदम सरळ उठायचं नाही. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून पाय मागे-पुढे. सतरंजीवर मार्जारासन, मग पालथं पडून भुजंगासन, जेवढं जाईल तेवढंच. हॉलमध्ये फेऱ्या. कोमट पाणी, चहा नाही. मोबाइल नाही. शेकायची पिशवी कमरेला बांधून मी हळूहळू चालत असते, तेव्हा पाहणाऱ्याला भूत वाटावं. मुलीला एकदा वाटलंही. साधारण अर्ध्यापाऊण तासात सिमेंट सुटतं. मग परत झोप लागते आणि ती उजाडेपर्यंत टिकते.

रात्रीची झोप अखंडच हवी, हा हट्ट सोडला. दोन तुकड्यांत का होईना, मिळते.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. निद्रानाशासाठी वर्तनोपचाराची एक पद्धत आहे, इंग्रजी आद्याक्षरांनी सीबीटी-आय म्हणतात. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संस्थेनं २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर झोपेच्या गोळीआधी हीच वापरा, अशी शिफारस केली. नियम ऐकायला अगदी साधे आहेत. पेंग आल्याशिवाय अंथरुणात जायचं नाही, झोप येत नसेल तर तिथे लोळत राहायचं नाही, रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच. पाळायला महाकठीण. मी नऊऐवजी अकराला झोपायला लागले तेव्हा घरात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. पहिले काही आठवडे दिवसा डोळे मिटत होते, वर्गात खडू हातातून सुटायचा. मग पहिल्या तुकड्याची झोप गाढ लागू लागली.

आणि गोळी. दाह कमी करणारी गोळी मी सकाळी न्याहारीनंतर घ्यायची. बाईंनी तीच रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली, म्हणजे तिचा जोर पहाटेच्या वेळेला सापडतो. गोळी तीच, फरक वेळेचा. ही माझ्यापुरती गोष्ट, कुणी मनानं करू नये. सोबत पोटाची गोळी असते, आणि मूत्रपिंडासाठी मधूनमधून क्रिएटिनिन बघावं लागतं.

नरक चतुर्दशी

आज माझा दिवस. सगळं घर ‘पाच मिनिटं, पाच मिनिटं’ करत पांघरुणात, आणि मी कधीचीच जागी. बंब पेटवला. साताऱ्यात या दिवसांत पहाटे गारठा चांगलाच असतो, अजिंक्यताऱ्यावर धुकं अडकलेलं.

अभ्यंगस्नानाइतकी या दुखण्याला मानवणारी रीत दुसरी नसेल. सासूबाईंनी तीळतेल गरम करून पाठीला चोळलं, निर्गुडीचा पाला पाण्यात उकळून घातला होता. “हिच्यानं वात पळतो,” म्हणाल्या. मी वाद घातला नाही. निर्गुडीचं मला माहीत नाही, पण ऊब आणि चोळणं यांचं थोडं वाचलंय. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये वेदनेचं ‘द्वार’ मांडलं. मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी जणू एक फाटक असतं, आणि स्पर्शाच्या, दाबाच्या संवेदना त्याच वाटेनं आल्या की ते काहीसं मिटतं. ठेच लागली की आपण अंगठा चोळतो, ते याच कारणानं. सिद्धांतात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण सासूबाईंचा हात पाठीवर फिरत होता तेव्हा मला एकही दुरुस्ती सुचत नव्हती.

मग कडकडीत पाणी, उटणं. दारात कारीट फोडलं. डाव्या पायाच्या अंगठ्यानं ठेचायचं म्हणजे एका पायावर तोल. या वर्षी भिंत न धरता जमलं. लेकीनं टाळ्या वाजवल्या, तिला वाटलं मी नरकासुरासाठीच एवढी खूश आहे.

लक्ष्मीपूजन

पाटावर बसले नाही. उंच स्टुलावर बसून पूजा केली. चुलत सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “आमच्या वेळी नव्हती बाई असली दुखणी.” एवढंच लिहिते.

बारा वाजून गेले तरी फटाके. झोपच लागली नाही, तर दोन तुकडे कसले करणार?

पाडवा

अपेक्षेप्रमाणे सगळं अंग ठणकतंय. कंबर तर होतीच, पण साधं भांडं हाताला लागलं तरी कळ जाते. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात २०१९ मध्ये धडधाकट तरुणांना रात्रभर जागवून मग पायाला चटका देऊन पाहिलं होतं. झोप झालेली असताना जी उष्णता सोसली जायची, तीच जागरणानंतर वेदना वाटू लागली. मेंदूत संवेदना नोंदवणारा भाग जास्त भडकला होता, आणि तिची तीव्रता जोखून ती आवरणारे भाग मंदावले होते. म्हणजे आज दुखतंय ते वाढलेल्या आजारामुळेच असं नाही, त्यातलं बरंचसं कालचे फटाके आहेत. हे कळलेलं बरं असतं. पूर्वी असा दिवस आला की मी ‘आता हे पसरलं’ म्हणून घाबरायची, आणि त्या धास्तीनं पुढची रात्र जायची.

दुपारी झोपले नाही. सगळे घोरत होते, मी गावातल्या ‘चार भिंती’ स्मारकाच्या चढापर्यंत जाऊन आले.

संध्याकाळी नवऱ्याला ओवाळलं. त्यानं ताटात पाकीट ठेवलं आणि म्हणाला, “इंजेक्शनासाठी सुरुवात.” मला हसूही आलं आणि बोलताही येईना. बाईंनी बायोलॉजिकचा विषय काढून ठेवलाय. गोळ्यांनी पुरेसं भागलं नाही तर टीएनएफ या दाह पेटवणाऱ्या रसायनालाच अडवणारं इंजेक्शन, पंधरवड्यातून एकदा. त्यातलं अडॅलिमुमॅब २०१४ मध्ये झायडस या औषध कंपनीनं भारतात बनवून आणलं, तेव्हापासून मूळ परदेशी औषधापेक्षा स्वस्त पर्याय मिळाला. स्वस्त म्हणजे त्या मानानं. शिक्षिकेच्या पगारात ते ‘बघू’ याच रकान्यात बसतं.

पैशाखेरीज दुसरी अडचण क्षयाची. आपल्याकडे कितीतरी जणांच्या शरीरात क्षयाचे जंतू झोपलेले असतात, शरीरानं त्यांच्याभोवती पेशींची भिंत बांधून त्यांना कोंडलेलं असतं. ती भिंत उभी ठेवायला टीएनएफच लागतं. ते अडवलं की भिंत ढासळू शकते. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी, गरज पडल्यास आधी त्यावर औषध. हे ऐकून नवरा म्हणाला, “मग चाचणी तर करून ठेवू. तिला काय इंजेक्शनाएवढे पैसे नाही लागत.” मुद्दा बिनतोड होता.

भाऊबीज

एसटीनं कराडला. खिडकीजवळची जागा सोडून कडेची घेतली, म्हणजे उठून उभं राहता येतं. कंडक्टर म्हणाला, “बसा की बाई, जागा आहे.” पिशवीत ओवाळणीच्या सामानाबरोबर माझी चपटी उशी. जाड उशीनं मान पुढे झुकलेल्या अवस्थेतच आखडते, म्हणून पाहुणी जातानाही ती नेते. माहेरी आता यावर कुणी हसत नाही.

जेवताना भावजय म्हणाली, “ताई, ह्यांनी नवीन गादी आणली, तरी सकाळी कुरकुर चालूच.” भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान, अजून पस्तिशीतही नाही. म्हणाला, “काही नाही गं, सकाळी कंबर धरते. बाइकमुळं.”

माझा घास हातातच राहिला. “रात्री जाग येते?”

“येते कधीकधी. पाणी पिऊन येतो.”

“पाणी पिऊन आल्यावर बरं वाटतं?”

तो जरा थांबला. “चाललं की सुटते. तुला कसं कळलं?”

मग भावजयीलाच आठवलं. मागच्या वर्षी त्याचा एक डोळा लालभडक झाला होता, दुखत होता, उजेड सहन होत नव्हता. डोळे आलेत म्हणून थेंब घातले होते. डोळ्याच्या आतला असा दाह या आजारात बऱ्याच जणांना होतो. डोळे आल्यासारखाच दिसतो, पण तो लगेच डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवावा लागतो, हे मला बाईंनी माझ्याच पहिल्या कागदावर लिहून दिलं होतं.

“लगेच तुझं दुखणं मला चिकटवू नकोस, ताई,” म्हणाला. मी म्हटलं, नाही चिकटवत. नसेलही. पण ओवाळणी म्हणून साडी नको, बाईंची वेळ घे. त्यानं हो-नाही केलं, भावजयीनं नंबर लिहून घेतला. पुढच्या शनिवारची वेळ मिळाली आहे. मलाही क्षयाची चाचणी करायचीच आहे, तर दोघं एकाच बसनं जाऊ.