फेटिश नक्की कुणाचं?

फेटिश (एखाद्या निर्जीव वस्तूवर जडलेलं लैंगिक आकर्षण) म्हटलं की लोक गालातल्या गालात हसतात आणि गाडी थेट चपला-मोज्यांवर घसरते. मला मात्र त्या शब्दाचा उद्धटपणा जास्त गमतीचा वाटतो.

लॅटिन 'फाक्टिकियस' म्हणजे हातानं घडवलेलं, बनावट. त्यातून पोर्तुगीज 'फेइतिसू' आला: चेटूक, मंतरलेली वस्तू. (आपली 'करणी'सुद्धा 'करणे'वरूनच की!) सोन्याच्या मागावर पोर्तुगीज पश्चिम आफ्रिकेत पोचले, १४८२ मध्ये एल्मिनाला किल्ला बांधला आणि तिथल्या ताईत-मूर्तींना हे नाव सरसकट चिकटवलं. स्वतःच्या गळ्यात क्रूस होताच, पण ती श्रद्धा. समोरच्याचं ते चेटूक.

काँगो भागातली 'न्किसी न्कोन्डी' मूर्ती बघा. लाकडी अंगात लोखंडी खिळे आणि पाती खचाखच ठोकलेली, पोटावरच्या पोकळीत औषधी द्रव्यं, वर बहुधा काच किंवा आरसा. दोन पक्षांत करार झाला, शपथ घेतली, की खिळा ठोकायचा. शब्द मोडणाऱ्याला मूर्ती बघून घेईल. हे तर चक्क कोर्टाचं दप्तर! याला 'अडाण्यांची दगडधोंड्यांची पूजा' कसं म्हणायचं?

पण म्हटलं गेलं. फ्रान्समध्ये बसून, प्रवाशांची वर्णनं वाचून शार्ल द ब्रॉस या विद्वानानं १७६० मध्ये एका पुस्तकातून 'फेटिशिझम' हा शब्द रूढ केला आणि त्याला धर्माची अगदी खालची पायरी ठरवलं.

तेच पुस्तक तरुण मार्क्सच्या हाती लागलं आणि त्यानं बाण उलटा फिरवला. १८४२ मध्ये, जंगलात पडलेलं लाकूड उचलणाऱ्या गरिबांना चोर ठरवणाऱ्या कायद्यावर लिहिताना तो क्यूबाच्या मूळ रहिवाशांची गोष्ट सांगतो. त्यांना वाटलं, सोनं हे स्पॅनिश लोकांचं फेटिश आहे. म्हणून त्यांनी त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हटली आणि मग ते समुद्रात फेकून दिलं. मार्क्स म्हणतो, त्यांनी ही लाकडासाठीची कायदेबाजी पाहिली असती तर लाकडालाच फेटिश मानलं असतं! १८६७ च्या 'कॅपिटल'मध्ये बाजारातल्या मालाला तो हाच शब्द लावतो, पण मला तरी त्या जाडजूड ग्रंथापेक्षा ही लाकडाची कोपरखळी जास्त झोंबणारी वाटते.

चपला-मोजे आले ते १८८७ मध्ये, फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांच्या लेखातून. पुढे १९२७ मध्ये फ्रॉइडनं त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. म्हणजे हा अर्थ घरातलं शेंडेफळ, आणि सगळे लाड त्याचेच.